वसंताच्या नजरेतला डाग

मी वेल्डर माणूस. रोह्याच्या एका कंपनीत तेहतीस वर्षं लोखंड जोडलं. भुतंखेतं, चमत्कार कधी मानले नाहीत, आजही मानत नाही. तरी हे लिहितोय... कारण वसंता मागच्या महिन्यात गेला आणि त्याच्याबद्दल पेणमध्ये एक खोटं अजून चालू आहे. ते माझं आहे.

वसंता माझा बालमित्र. पेणच्या एका गणपती कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचा. डोळे वसंताच काढणार असेल तरच मूर्ती नेऊ, असं म्हणणारी गिऱ्हाइकं होती.

२००४ च्या जूनमध्ये शुक्र सूर्यावरून जाणार होता. पेपरात आलं होतं — चौदा नंबरची वेल्डिंगची काच लावूनच बघा. वसंताने मला काच आणायला सांगितलेलं. मला मिळाली ती गॅस कटिंगच्या गॉगलची, पाच नंबरची, सूर्यासाठी फारच फिकी. वेल्डरने रिकाम्या हाताने कसं जायचं?

"चौदाचीच ना रे?"

"अरे, आम्ही रोज यातनंच आगीकडे बघतो. बघ बिनधास्त!"

मी क्षणभर बघून काच त्याला दिली. तो आखणीवाला... पापणी न लववता बघायची सवय. कितीतरी वेळ बघत राहिला. "सूर्याला तीळ आलाय रे!"

दुसऱ्या दिवसापासून नजरेच्या मधोमध काळा डाग. समोरच्या माणसाचा नेमका चेहराच दिसेना. आखणी सुटली, तो साच्यात माती भरू लागला. डॉक्टरांना म्हणाला, "काच चांगली होती. मीच मधे नुसत्या डोळ्यांनी बघितलं असेल." सगळ्यांनी तेच खरं धरलं. मी गप्प बसलो.

आठ वर्षांनी पुन्हा तोच योग आला. त्यानंतर शंभरावर वर्षं नाही. आज सांगायचंच, असं ठरवून सकाळच्या एसटीने पेणला गेलो. खिशात या वेळी खरी चौदा नंबरची काच आणि वेळा छापलेलं पेपरचं कात्रण. पण आभाळ गच्च भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही.

वसंताची बायको चहा देताना म्हणाली, "भाऊजी, काच आणलीत काय पुन्हा? माझे डोळे हायत अजून."

"गप गो," ओट्यावर बसलेला वसंता हसला.

मी बोलायला तोंड उघडलं, तोच तो म्हणाला, "थांब रे. डाग सरकतोय."

"काय?"

"आठ वर्षं हलला नाय. आता कडेला चाललाय..." आम्ही श्वास धरून बसलो. "टेकला... गेला!"

घड्याळात दहा वाजून बावीस मिनिटं. खिशातल्या कात्रणात शुक्र सूर्याबाहेर पडायची वेळ तीच होती. ती मी त्याला सांगितली नव्हती, आणि त्यांच्या घरी पेपर येत नव्हता.

वसंता थेट माझ्याकडे बघत होता. "किती म्हातारा झालास रे!" मग म्हणाला, "रडतोस काय?"

"डोळ्यांत ऊन गेलं," मी म्हणालो.

त्याने वर ढगांकडे बघितलं. मग बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे.

त्या वर्षी त्याने पुन्हा गणपतीचे डोळे काढले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आतली जखम जशीच्या तशी आहे. मग दिसतं कसं, ते त्यांना सांगता येत नाही. मलाही येत नाही. विचार करून थकलो.

पण एक सांगता येतं. वसंताने नुसत्या डोळ्यांनी सूर्य कधीच बघितला नव्हता. काच मी दिली होती, पाच नंबरची.