हळदीकुंकवातले पाच तारे

मुलांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या धाकटीने विचारले, "आजी, काकू दुकान बंद करणार होती म्हणे, खरं का?" तेवढ्यात पलीकडून सगळेच एकदम बोलू लागले आणि उत्तर राहून गेले. तुमच्या परीक्षा होत्या, म्हणून तेव्हा तुम्हाला मुद्दामच काही कळवले नव्हते. आता प्रश्न मिटला आहे आणि मला सगळे नीट आठवते आहे. काकूला विचाराल तर ती दोन वाक्यांत संपवील. म्हणून मीच लिहायला बसले आहे, अगदी पहिल्यापासून.

माधवगंजातले दुकान तुमच्या पणजीने सुरू केले, हे तुम्ही ऐकले आहे. मेतकूट, चकलीची भाजणी, कडबोळी, चिवडा, अनारसे आणि दिवाळीत चिरोटे. गिऱ्हाईक ठरलेले असे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली मराठी घरे, कुणाचे पूर्वज फौजेबरोबर आलेले तर कुणाचे दरबारच्या कामावर. पुढे त्या घरांतली मुले पुण्याला, बंगलोरला, तुमच्यासारखी त्याहूनही लांब गेली आणि मागे राहिलेल्या आम्हा म्हाताऱ्यांचे तळलेले डॉक्टरांनी बंद केले. दुकान काकूच्या हाती आले तोवर दुपारी तिथे कुणी फिरकेनासे झाले होते.

मकरसंक्रांतीनंतरची गोष्ट. काकू दुकानाच्या मागच्या खोलीत शेंगदाणे निवडत होती. मान खाली ठेवूनच म्हणाली, "आई, मी दिवाळीपर्यंत बघते. वेबसाइटवरून ऑर्डरी आल्या तर ठीक. नाही तर कंपू भागातल्या शाळेत जागा निघतेय, तिकडे जाईन. दुकानाची जागा मोबाईलची कव्हरं विकणारा मागतोच आहे."

तळणाशी बसलेल्या बायकांचे हात थांबले. त्यांच्याही पोटाचा प्रश्न होता.

वेबसाइट होती, पण ती इंदरगंजातल्या एका ऑफिसने करून दिलेली. उघडली की सनई वाजे. मग डावीकडून किल्ला सरकत येई, त्यावर सोनेरी अक्षरांत आपले नाव, आणि त्याखाली पणजीचा फोटो आणि तिचे चरित्र, मी इंग्रजीत लिहिलेले. मला ते पान फार आवडायचे. काकूने एक दिवस शेजारच्या भाभीजींच्या हातात फोन दिला आणि यावरून पावभर चिवडा मागवून दाखवा म्हणून सांगितले. भाभीजींनी सनई ऐकली, किल्ला पाहिला, पणजीपाशी आल्या, पुन्हा वर गेल्या. शेवटी म्हणाल्या, "अम्माजी की फोटो तो बहुत अच्छी है, पर खरीदना कहाँ से है?"

काकूने फोन परत घेऊन माझ्यापुढे धरला.

मग ती स्वतःच शिकायला बसली. व्हिडिओ बघायची, करून बघायची, पुसायची, पुन्हा करायची. सनई गेली, किल्ला गेला. गच्चीवर सकाळच्या उन्हात स्टीलच्या ताटलीत चकल्या मांडून तिने फोटो काढला आणि तो सगळ्यात वर लावला. त्याच्या खालीच ऑर्डरचे बटण आणि फोन नंबर. पणजीचे चरित्र वेगळ्या पानावर गेले, तेही एका परिच्छेदाचे. निदान दोन तरी ठेव म्हणून मी वाद घातला. ती म्हणाली, "आई, पणजींनी स्वतः आधी काय केलं असतं? चकलीच हातावर ठेवली असती ना?" मी वाद सोडला.

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारू लागली की हे पदार्थ शोधायचे असतील तर तुम्ही फोनवर काय लिहाल. 'कडबोळी' कुणीच लिहीत नव्हते. कुणी 'मराठी नमकीन' म्हणे, कुणी 'चकली माधवगंज', कुणी नुसतेच 'घर जैसा चिवड़ा'. हे शब्द तिने आहेत तसे वेबसाइटवर घातले. माझ्या कानाला ते बोचले, पण सर्चमध्ये कुठेच नसलेले आपले दुकान हळूहळू वर सरकू लागले. आणखी वर यायचे तर लोकांचे रिव्ह्यू हवेत, असे काकू म्हणाली. आणि ते वाक्य कंपूच्या आजींनी ऐकले.

कंपूच्या आजी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांना ओळखत नाही असे मराठी घर इथे नसेल. चैत्रगौरीचे हळदीकुंकू आमच्याकडे होते. अत्तर लावून झाले, हातात आंब्याची डाळ आणि पन्हे आले, आणि जाऊबाई उभ्या राहून म्हणाल्या, "बायांनो, आज ओटी नंतर. आधी फोन काढा." काकू दुकानात होती. ती घरी आली की तिला चकित करायचे, असा आमचा बेत ठरला.

काय लिहायचे हे कुणालाच सुचेना, तेव्हा जाऊबाईंनी वाक्य सांगितले आणि सगळ्यांनी ते जसेच्या तसे उतरवले. ज्यांच्या फोनला रेंज नव्हती त्यांना घरचे वायफाय जोडून दिले. भजनी मंडळातल्या एका बाईंनी पाचाऐवजी एकच तारा दिला, कारण एक म्हणजे पहिला नंबर, अशी त्यांची समजूत. "अहो, पहिला नंबर दिलाय मी, पाचवा कसा देऊ?" असे त्या वर म्हणत होत्या. मग त्यांना समजावून पाच तारे करून घेतले.

त्या आठवड्यातच ते सगळे रिव्ह्यू गळून पडले आणि फोनमधल्या नकाशावरचे आपले दुकानही दिसेनासे झाले. ऑर्डर तर सोडाच, रस्ता विचारणारा फोनही येईना. तुमच्या काकाने शोध घेऊन सांगितले, "आई, ये तो उल्टा हो गया. एकाच घरातून, एकाच दुपारी, एकच वाक्य. नकाशावाल्या कंपनीच्या मशीनला वाटलं की आपणच आपली तारीफ करून राहिलोय."

जाऊबाई तावातावाने आल्या. आम्ही काय खोटे लिहिले, चकली चांगली नाही का, असे त्यांचे म्हणणे. काकू रागावली नव्हती, पण तिचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "चांगली आहे, मोठ्या आई. पण त्या दिवशी तुम्ही सगळ्या आंब्याची डाळ खात होता."

जाऊबाईंनी वादात हार मानली, हे मी प्रथमच पाहिले.

काकूने त्या नकाशावाल्या कंपनीला पत्र लिहिले आणि घडले ते सगळे सांगितले, हळदीकुंकवासकट. दुकान नकाशावर परत यायला पावसाळा उजाडला. आता तिने एकच नियम केला. माल घरी नेऊन खाल्ल्यावर ज्याला वाटेल त्याने आपल्या घरून, आपल्या भाषेत, खरे ते लिहावे. पहिला रिव्ह्यू आला तो त्याच भजनी मंडळाच्या बाईंचा: "चिवडा एकदम बढिया. अनारसे दाताने तुटले नाहीत." तारे तीन. जाऊबाई त्यांच्या घरी जाऊन जाब विचारणार होत्या, त्यांना मी अडवले. काकूने रिव्ह्यूखाली आभार मानले, तांदूळ जास्त दिवस भिजवून नवे अनारसे केले आणि बाईंना चाखायला बोलावले. हे सगळे लोकांनी वाचले. त्या तीन ताऱ्यांनी जे काम केले, ते आमच्या ढीगभर पाचांनी केले नव्हते.

दुसरीकडे काकू ग्वाल्हेर सोडून गेलेल्यांच्या ऑनलाइन ग्रुपांत जाऊ लागली. जाहिरात टाकायची नाही. कुणी विचारले की भाजणी कडू का झाली, चकली तेलात का विरघळते, की नीट समजावून सांगायचे. झाशीच्या एका बाईंनी आपल्या पाककृतींच्या पानावर आपल्या वेबसाइटचा दुवा दिला, काकूने त्यांचा दिला. जाऊबाईंनाही काम मिळाले. ग्रुपात कुणी ओळख काढली की ती कुठल्या घरातली, माहेर कुठले, हे त्या क्षणात सांगत, आणि ती बाई पुढच्या वेळी फराळ आपल्याकडूनच मागवी.

नवरात्रानंतर झाशी, भोपाळ, नोएडाहून ऑर्डरी सुरू झाल्या. मागच्या खोलीत तळणाला आणखी एक बाई घ्यावी लागली. धनत्रयोदशीच्या आधी शाळेतून फोन आला, तेव्हा काकूचे दोन्ही हात पिठात होते. फोन मी तिच्या कानाला लावला.

"मैडम, माफ कीजिए," ती म्हणाली. "मैं नहीं आ पाऊँगी. मुझे दुकान सँभालनी है."

मागच्या खोलीतल्या बायका हसल्या आणि काकू पुन्हा चकल्या पाडू लागली.

दुकान माधवगंजात आहे तिथेच आहे. पणजीचा सोऱ्या रोज वापरात आहे, मेतकुटाचे प्रमाण तिचेच आहे, आणि तिथे काम करणाऱ्या सगळ्या जणी अजून कामावर आहेत.