एका छाटणीचे पाच टेक

आधी चहा सांगा. किस्सा ऐकल्यावर मला कुणी चहा पाजेल असं वाटत नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी केबलवर दर रविवारी बागकामाचा कार्यक्रम करायचो. आता विचाराल, फुटबॉलवर वाढलेल्या शिवाजी पेठेतल्या माणसाचा आणि बागेचा काय संबंध? काडीचा नाही. आमच्या गॅलरीत एक कोरफड होती, तीही माझ्याकडून कसलीच अपेक्षा न ठेवता जगत होती. मी आपला फुटबॉलच्या सामन्यांना माईकवर समालोचन करायचो. चॅनेलच्या मालकांनी ते एकदा ऐकलं आणि म्हणाले, "आवाज खणखणीत हाय तुझा. बागकाम करशील?"

मी म्हटलं, "करतो की."

टीव्हीवर बागकाम दाखवायला काय लागतं, यावर माझं मत ठाम होतं. स्वच्छ नखं, इस्त्रीचा शर्ट, आणि तोंड क्षणभरही बंद पडता कामा नये. झाडांचं काय, ती काही तक्रार करायला येत नाहीत.

तर एक दिवस कसबा बावड्यातून आप्पांचा फोन आला. साखर कारखान्यातून रिटायर झालेले म्हातारे गृहस्थ. म्हणाले, "आमच्या हिला तुमचा कार्यक्रम लई आवडतोय. दारात गुलाब हाय, त्येच्याबद्दल एक इचारायचं हुतं. जमलं तर या की."

एवढं ऐकलं आणि मी ठरवून टाकलं, छाटणीचा भाग तिथंच करायचा. त्यांना काय विचारायचंय, ते विचारायला मला सुचलंच नाही.

गेलो. खिडकीशी खाट, खाटेवर आप्पांच्या पत्नी, आक्का. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. खिडकीबाहेर अगदी गजांना लागून गावठी गुलाब, चांगला छातीएवढा वाढलेला. मला बघून आक्कांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. मीही रुबाबात नमस्कार केला.

आप्पा जवळ आले. "पावणं, आधी जरा..."

"आप्पा, ऊन हाय तवर उरकू," आमचा कॅमेरामन बंडू म्हणाला. "आणि एक ध्यानात ठेवा. कॅमेरा सुरू झाला की कुणी बोलायचं न्हाय. आवाज येतोय त्यात."

आप्पांनी शाळेतल्या पोरासारखं ओठांवर बोट ठेवलं.

पहिला टेक. खिडकीच्या अंगाची फांदी हातात धरली, कारण उजेड त्या बाजूला चांगला होता. फांदीच्या टोकाला कळी होती. मी कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं, "मंडळी, छाटताना कळ्यांचा मोह ठेवायचा नाही." आणि कात्री चालवली.

"अवो पावणं, ती..." आप्पा.

"कट! आप्पा, आवाज आला की."

आता तुम्हीच सांगा, छाटलेली फांदी पुन्हा चिकटवता येते का? दुसऱ्या टेकला दुसरी फांदी घेतली. तिलाही कळी होती. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा आप्पांनी तोंड उघडलं, पुन्हा बंडू ओरडला. तिसऱ्या टेकला आप्पांनी स्वतःच्या हातानं तोंड दाबून धरलं. मला वाटलं, माणूस किती भारावलाय.

आणि तेवढ्यात खिडकीतून आवाज यायला लागला. टण, टण, टण. आक्का डाव्या हातातला चमचा गजावर आपटत होत्या.

मी म्हटलं, "बघा मंडळी, आमच्या आजी कशी दाद देतायत!"

मैदानावर वाढलेला माणूस मी. गॅलरीतून दाद मिळाल्यावर थांबतोय कशाला? कळी असलेली छाटलेली फांदी मी त्यांच्यापुढे झेंड्यासारखी हलवली. चमचा आणखी जोरात वाजायला लागला. मग चौथा टेक, पाचवा टेक. शेवटी गुलाबाचे गुडघ्याएवढे तीन दांडके उरले आणि बंडू म्हणाला, "झ्याक आलं."

चमचा थांबला होता.

आप्पांनी तोंडावरचा हात काढला. "आता बोलू का?"

"बोला की, आप्पा."

"डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात घरी न्या म्हटलं. आता फार दिस न्हाईत म्हनं. ही चार दिस झालं त्या कळ्यांकडंच बघत पडली हुती. त्या उमलाय किती दिस लागतील, एवढंच इचारायचं हुतं तुमास्नी."

मी खिडकीकडे बघायचं टाळलं. पण तोंड कसलं गप्प बसतंय? कळ्या गोळा केल्या, पेल्यात पाणी घालून आक्कांच्या उशाशी ठेवल्या आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "दोन दिवसांत उमलतील."

नाही उमलल्या. कोवळ्या, घट्ट कळ्या होत्या, पेल्यातच माना टाकून वाळल्या. आठव्या दिवशी आक्का गेल्या.

आणि कार्यक्रम? इतका कुठलाच गाजला नाही. आजींची दाद बघून डोळ्यांत पाणी आलं, असे लोकांचे फोन. मालक म्हणाले, "ह्येला म्हणायचं निवेदक." माझी जेवणावरची वासना पार उडाली होती.

महिनाभरानं आप्पांचा पुन्हा फोन. नुसतं "येऊन जावा" म्हणाले. वाटलं, आता शिव्या खायच्या, आणि त्या खायलाच हव्यात. एकटाच गेलो.

गुलाब फुलला होता. खिडकीच्या अंगानं तर लगडला होता. आत खाट होती तिथंच, गादी काढलेली.

आप्पांनी माझ्या पाठीमागे बघितलं. "कॅमेरा न्हाय न्हवं?"

"नाही आप्पा."

"मग बोलू?"

"बोला."

"परवा तिचं महिन्याचं हाय. ही फुलं तवर ऱ्हातील का गळतील? तिच्या फोटूला ह्याच झाडाची घालीन म्हणतो."

दोन वर्षं टीव्हीवर बागकाम करत होतो मी. गुलाबाचं फूल झाडावर किती दिवस टिकतं, मला माहीत नव्हतं. उत्तर जिभेवर आलं होतं, खणखणीत, पण या वेळी गिळलं.

"आप्पा, खरं सांगू? मला ठाऊक नाही."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. आवाज अजिबात न चढवता म्हणाले,

"मग त्या दिशी तुमीच गप बसायचं की, पावणं."