चंद्राने जुळवलेला रंग

रामा गाड्या रंगवायचा आणि त्याची बायको चंद्रा रंग जुळवायची. डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं, मागेच घर. स्प्रे गन मारण्यात रामाचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. पण जुना रंग ओळखायला डोळा लागतो आणि तो डोळा आपल्या बायकोचा, हे तो गिऱ्हाइकांना सांगे. लोक हसत. चंद्रा वरोरची. तिचे वडील होड्या रंगवायचे, आणि डबे ढवळत ढवळतच ती मोठी झाली होती.

२०१६च्या उन्हाळ्यात झाईचा चिकूवाला ओंकार वडिलांची फियाट ओढून घेऊन आला. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. गाडी तेव्हापासून वाडीत ताडपत्रीखाली पडलेली.

"होती तशी करायची, रामाभाऊ. निळी," ओंकार म्हणाला.

"निळा नंतर मारला," मागच्या सीटवरून त्याची आई, आनंदीबाई, म्हणाली. "मी लग्न होऊन आले तेव्हा हिरवी होती."

"आई, फोटोत राखाडी दिसते."

"फोटो काळा-पांढरा आहे रे!"

मायलेकांची जुंपली. चंद्रा पान्हा घेऊन गाडीत शिरली. डॅशबोर्डातला सामान ठेवायचा खण तिने खोलून काढला. त्यामागच्या पत्र्याला ना कधी ऊन लागलं होतं ना दुसरा रंग. ओल्या फडक्याने पुसून तिने तिथे जरासं पॉलिशचं कंपाउंड घासलं आणि आनंदीबाईंना हाताला धरून दाखवायला आणलं. धड हिरवा नाही, धड राखाडी नाही. धक्क्यावरच्या दगडांचं शेवाळ वाळल्यावर दिसतं तसा रंग.

आनंदीबाई वाकून बघत राहिल्या. "हाच गं बाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

पावसाळाभर गाडी खरवडण्यात गेली. बॉनेट गंजून चाळण झालेलं, ते तलासरीच्या लाहू डेंटरकडे नवा पत्रा लावायला दिलं. इकडे चंद्राने पांढऱ्यात हिरवा घातला, मग काळा, मग काडीच्या टोकावर पिवळा. ओला रंग सुकला की गडद होतो, म्हणून ती मुद्दाम एक पायरी फिकाच ठेवायची. पत्र्याच्या तुकड्यावर मारायची, सावलीत धरायची, उन्हात धरायची, मान हलवून पुन्हा ढवळायला बसायची. एके दिवशी तिने तुकडा खणामागच्या पत्र्याला टेकवला आणि रामाला तुकड्याची कडच दिसेना.

"बॉनेट येऊ द्या, सगळं एकदम मारू," ती म्हणाली.

"लाहूचा काय भरवसा? नुसत्या प्रायमरच्या अस्तरावर ठेवली तर खारी हवा खाऊन टाकील गाडी."

तिला पटलं नाही, पण तिने ओढून धरलं नाही. रामाने गाडी रंगवली. बॉनेटपुरता म्हणून ठेवलेला रंग दाराच्या दुसऱ्या कोटातच बराचसा संपला. "बॉनेट आलं की हाक मारा, पुन्हा करून देईन," चंद्रा म्हणाली. त्या दिवशी तिच्या अंगात कणकण होती. पावसाळी ताप म्हणून तिने गोळी घेतली. ताप उतरलाच नाही. डहाणूहून तिला वापीला हलवलं, आणि तिथून रामा तिला ॲम्ब्युलन्समधून घरी घेऊन आला तो अंत्ययात्रेसाठीच.

दिवसपाणी आटोपलं आणि त्याच आठवड्यात लाहूने टेंपोतून बॉनेट आणून उतरवलं. झकास काम केलं होतं. रामाने त्यावरून हात फिरवला आणि घराच्या दाराकडे वळला. हाक तोंडाशी आली होती. तो तसाच उभा राहिला. लाहूने मान खाली घातली आणि टेंपो सुरू केला.

डब्याच्या तळाशी तिचा थोडासा रंग उरला होता. तो समोर ठेवून रामा जुळवायला बसला. ओला असताना अगदी जुळायचा, सुकला की वेगळा. कधी निळसर, कधी मळकट. ताडून बघायला बोटभर बोटभर घेता घेता तिचा रंगच संपला. मग वापीच्या दुकानात जाऊन त्याने मशीनवर रंगाची शेड काढून आणली. सकाळी बरी दिसली. ऊन कलल्यावर बॉनेट दुसऱ्याच गाडीचं वाटू लागलं. ओंकार तगादा लावत नव्हता, पण दिवाळी जवळ आली होती. शेवटी रामाने तीच मारली.

गाडी न्यायला ओंकारबरोबर आनंदीबाईही आल्या. त्यांनी दारावरून हात फिरवला, डिकीवरून फिरवला, खुलल्या. मग पुढे गेल्या आणि थांबल्या.

"हे नाही ते," त्या म्हणाल्या.

"आई, उजेडाचा फरक आहे," ओंकार घाईने म्हणाला.

"नाही, ओंकारभाऊ. काकी बरोबर बोलतात," रामा म्हणाला. "ती म्हणत होती, एकदम मारू. मीच ऐकलं नाही. एवढंच तर मागितलं होतं तिने." स्मशानातही न रडलेला माणूस त्या बॉनेटला धरून ओक्साबोक्शी रडला. आनंदीबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या.

गाडी गेली. नंतर ओंकारने दोनदा निरोप धाडला, हवं तर पुन्हा करा म्हणून. रामा गेला नाही. त्याने फक्त पिकअप आणि टेंपो रंगवायची कामं धरली. पांढरा रंग, डबा फोडायचा आणि मारायचा.

२०१९च्या सुरुवातीला झरीहून एक गृहस्थ जुनी जीप घेऊन आले. मूळ रंग हवा होता त्यांना. रामाने सवयीने दार उघडलं, बिजागरीमागे बोट घालून धूळ पुसली. आत मूळ रंग ताजा होता.

"वापीला न्या," तो म्हणाला.

"अहो, डहाणूत रंग जुळवणारा रामा म्हणून तुमचंच नाव सांगितलं सगळ्यांनी!"

"जुळवणारी माझी बायको होती," रामा म्हणाला. "ती गेली."

त्याने जीपचं दार हलकेच लावलं आणि पिकअपच्या पत्र्याला पॉलिश पेपर लावायला बसला.