धुतलेली वाळू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या रक्तातल्या साखरेचा आकडासुद्धा माझ्याआधी कळतो.

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहून मी एकच नाव कमावलं : कोकणवाला. चहाला कुणी भेटलं की मी सुरू — "हमारे गाँव का बीच? रेत इतनी साफ कि पापड़ सुखा लो!" लोक कंटाळले. मी नाही कंटाळलो. दिल्लीत माणसाला मिरवायला काहीतरी लागतंच ना?

मग एका मे महिन्यात मुक्ताने, माझ्या लेकीने, त्याच किनाऱ्यावरून बाटलीभर वाळू आणली. नववीत गेली होती, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हवी होती. अर्धी वाळू तिने घरीच मिठाच्या दाट पाण्यात ढवळली. वाळू खाली बसली आणि वर तरंगले — निळे, पांढरे, लाल कण. प्लॅस्टिक. साबुदाण्याहून बारीक. "बाबा, बघ ना, किती आहेत!" मी बघितले. तिच्याबरोबर मोजलेसुद्धा; तिने ते एका डबीत भरून ठेवले. उरलेली वाळू तिने सगळ्यांसमोर प्रयोग करून दाखवायला ठेवली.

सगळ्यांसमोर — म्हणजे शेजारच्या चोप्रांसमोरही. त्यांचा मुलगा तिच्याच वर्गात.

आता कसं सांगू? एका दुपारी ती ट्यूशनला गेली आणि मी, केंद्र सरकारचा सेक्शन ऑफिसर, बादलीत मीठ कालवत बसलो. युक्ती तिचीच. चहाच्या गाळणीने कण काढले, वाळू धुतली, गच्चीत वर्तमानपत्रावर वाळवली, परत बाटलीत भरली. म्हटलं, फार तर थोडे कमी दिसतील. खरंच असं म्हटलं होतं का मी? की हे नंतर रचलं?

प्रदर्शनात तिने ती वाळू मिठाच्या पाण्यात ओतली. ढवळली. काहीच वर आलं नाही. पुन्हा ढवळली. परीक्षक बाई तिची आधीच्या कणांची डबी हलवत म्हणाल्या, "बेटा, ये तो किसी भी टूटी बाल्टी के टुकड़े हो सकते हैं."

चोप्रा हसले. "मैडम, कोकणवाले का बीच है, वहाँ क्या मिलेगा!"

मुक्ता माझ्याकडे वळली. "बाबा, तू सांग ना. तू मोजलेस ना माझ्याबरोबर?"

आणि मी — मी बाईंना म्हणालो, "मैंने... उस दिन चश्मा नहीं लगाया था."

तक्ता तिने स्वतःच उतरवला. ऑटोत म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असेल." मी ऑटोवाल्याला पुढचं वळण सांगितलं.

आम्ही आता नोएडात असतो. ती मुनिरकात खोली घेऊन एम.एससी. करते. प्रयोगातला प्रत्येक आकडा मैत्रिणीकडून तपासून घेते म्हणे, दोनदा. मागच्या रविवारी जेवताना हसत म्हणाली, "यार बाबा, माझा ना स्वतःच्या डोळ्यांवर भरवसाच नाही. लहानपणापासून."

लहानपणापासून नाही. कुठल्या दिवसापासून, ते मला माहीत आहे.

मी तिला अजून थोडा भात वाढला.