गव्हाणीवरची मूठ

गोरक्षनाथ देवळाली प्रवराचा. कारखान्याचं नाव कशाला घ्या, पण त्याचे चौदा हंगाम गव्हाणीवर गेले. गव्हाण म्हणजे ऊस आत ओढणारा लोखंडी पट्टा. तिथं असा खडखडाट, की शेजारच्याची शिवीसुद्धा ऐकू यायची नाही. म्हणून सगळं बोलणं हातानं. कान ओढला की चहा. मिशीला पीळ दिला की साहेब आला. आणि मूठ वर केली की, 'मी पट्ट्यात उतरतोय, बटणाला हात लावू नको.' समोरच्यानं तीच मूठ परत दाखवायची. ती दिसल्याशिवाय पाय खाली टाकायचा नाही, हा तिथला कायदा.

वर बटणावर गोरक्षनाथ, खाली अडकलेला ऊस मोकळा करायला सहादेव. मिशीच्या खुणेवर दोघं असे हसायचे, की साहेब स्वतःच्या मिशीवरून हात फिरवून बघायचा.

मग सहादेव कायम झाला. गोरक्षनाथ त्याच्या दोन हंगाम आधीचा, तो हंगामीच राहिला. सहादेव पेढे घेऊन आला.

"घे की, गोरख."

"मला शुगर हाय."

शुगर कसली? थोड्याच वेळात त्यानं कान ओढून गोड चहा मागवला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं खूण परत देणं सोडलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून मूठ बघायचा, बटणावरचा हात काढून घ्यायचा, पण स्वतःची मूठ काही उचलायची नाही. कायम झालेल्यानं घ्यावं समजून! सहादेवानं चार-आठ दिवस वाट पाहिली, मग तसाच उतरू लागला. काम खोळंबलं तर बोलणी त्यालाच बसायची ना.

माघातल्या एका दुपारी ऊस अडकला. गोरक्षनाथानं पट्टा थांबवला आणि पाठ फिरवून तंबाखू मळायला घेतली. मागं सहादेवानं मूठ वर केली, नेहमीसारखा क्षणभर थांबला आणि उसाच्या ढिगाआड उतरला. गोरक्षनाथानं वळून पाहिलं तर कोणी दिसेना. ऊस काढून गेला असेल, असं वाटून त्यानं बटण दाबलं.

श्रीरामपूरच्या दवाखान्यात साहेबांनी सहादेवाला विचारलं, "खूण केली होती?"

"केली हुती."

"त्यानं परत दिली?"

"न्हाई. पन तो कधीच देत न्हाई, सायेब."

आठवड्यानं गोरक्षनाथ खाटेपाशी येऊन उभा राहिला. सहादेवाचा उजवा हात कोपरापासून गेलेला. सहादेवाची बायको कडूबाई म्हणाली, "बोला की भावजी. हितं कुठं मशीन चालू हाय?"

गोरक्षनाथानं हळूहळू मूठ वर केली.

सहादेवानं त्या मुठीकडं पाहिलं. मग त्यानं तोंड भिंतीकडं केलं.