माळ्यावरची ट्यूब

आमचे हे निवृत्त झाले आणि चंदनसारच्या आमच्या घरातून कचरा बाहेर जायचा बंद झाला. रिकामी बाटली, फुटकी बादली, तुटकी छत्री, सगळ्याचं काहीतरी होणारच. छत्रीला आतून चकचकीत कागद चिकटवून त्यांनी उन्हात भात शिजवला होता. जुन्या सायकलला मिक्सरचं भांडं जोडून पायडल मारत चटणी वाटली होती. चटणी जाडीभरडी झाली, पण सासूबाई म्हणाल्या, "माझ्या लेकानं घाम गाळून वाटलीय, मला हीच हवी." वॉशिंग मशीनचं पाणी नळीनं संडासाच्या टाकीत जायचं. आमच्याकडे टँकरचं पाणी, त्यामुळे त्या नळीचं मला फार कौतुक होतं.

मग त्यांनी गॅस करायला घेतला.

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. गच्चीवर एक निळा ड्रम आला. माझी नणंद गिरीज गावात दिलेली, तिच्या सासरी केळीची वाडी आहे. तिथून शेण आलं. ड्रममध्ये शेण, पाणी आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा. झाकण घट्ट. झाकणातून एक नळी निघायची ती ट्रकच्या टायरच्या जुन्या ट्यूबमध्ये. काही आठवडे काहीच झालं नाही. मग एका सकाळी ट्यूब फुगली.

पहिल्यांदा शेगडी पेटली तेव्हा अख्खी इमारत आमच्या ओट्यापाशी उभी होती. निळी ज्योत. तिच्यावर उकळलेला चहा सगळ्यांनी घोट घोट घेतला. यांचे डोळे भरून आले होते. दुसऱ्या दिवसापासून लोक आपणहून सालं, शिळं अन्न, रविवारी मासळीची डोकी आणि खवलं दारात आणून द्यायला लागले. ते सगळं हे गच्चीवर नेऊन ड्रमला भरवायचे. हो, 'भरवायचे' असंच म्हणायचे ते.

ट्यूब मात्र गच्चीवर ठेवता येईना. उन्हात ती तट्ट फुगायची, कावळे चोची मारायचे. म्हणून त्यांनी ती खाली आणून स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवली आणि खिडकीतून नळी आत घेतली. मी भाकरी थापत असताना डोक्यावर ती हळूहळू वर येत असे. संध्याकाळी स्वयंपाक झाला की पोट आत घेऊन पडून राहायची. पाहुण्यांना ते बघून मजा वाटायची. मला त्या माळ्याकडे पाठ करून उभं राहायला आवडेनासं झालं होतं, पण असं कुणाला सांगणार?

वास यायचा. सडक्या अंड्यांचा. मी कुरकुर केली तशी त्यांनी एका प्लास्टिकच्या बाटलीत भांडी घासायच्या तारेच्या घासण्या कोंबल्या आणि गॅस तिच्यातून घेतला. लोखंड तो वास धरून ठेवतं म्हणाले. आणि खरंच, वास गेला. घासण्या तेवढ्या काळ्या होत गेल्या. त्या बदलायच्या असतात हे त्यांच्या कुठेतरी वाचण्यात आलं होतं, पण वासच येत नव्हता, तर बदलणार कशाला?

पावसाळा संपता संपता देवघरातली चांदीची अन्नपूर्णा काळी पडली. मी रांगोळीनं घासून लख्ख केली. आठवडा गेला नाही तोच पुन्हा काळी. मग माझी जोडवी. मग समईशेजारची छोटी वाटी. सासूबाई देवापुढे बसून ती मूर्ती पदराला पुसत राहायच्या.

"चांदी अशी काळवंडू नये गं," एक दिवस त्या मला म्हणाल्या. "घरात काहीतरी आलंय."

"आई, दमट हवा आहे," हे हसून म्हणाले. "खाडीची हवा. चांदी काळी पडतेच."

त्या दिवसांत माझं डोकं दुखायचं. मी घरी शिवणकाम करते. सुईत दोरा जाईना, डोळे चुरचुरायचे. नंबर वाढला असेल म्हणून चष्मा बदलला. सासूबाईंचं जेवण तुटलं. स्वयंपाकघराला लागून त्यांची छोटी खोली. दुपारी आडव्या व्हायच्या त्या दिवेलागणीपर्यंत उठायच्या नाहीत. वयाचं म्हणून आम्ही दोघांनीही तो विषय तिथेच सोडला.

त्या दुपारी मी मशीनवर होते. हे गच्चीवर ड्रमपाशी. बेल वाजली. दारात नणंद, हातात केळीचा घड. दार उघडलं आणि ती एकदम मागे सरली, नाकाला पदर लावून.

"वहिनी, हे काय?"

"काय?"

"वास! केवढा वास येतोय!"

मी आत वळून बघितलं. मला काहीच येत नव्हतं. "कसला वास? ये ना आत, चहा टाकते."

"काही टाकू नका! काही पेटवू नका. आधी बाहेर या." तिनं माझा दंड धरून मला जिन्यात ओढलं. मला तिचा राग आला होता, आजही आठवतं. शेजारणींची दारं उघडली. कुणीतरी वर यांना बोलवायला धावलं. त्या मिनिटा-दोन मिनिटांत मी जिन्याच्या खिडकीशी उभी होते, मोकळ्या वाऱ्यात. मग सासूबाईंना हाक मारावी म्हणून दाराकडे गेले आणि तो वास माझ्या नाकातोंडात घुसला. माझ्याच घराचा. मी पहाटेपासून त्यात बसले होते.

"आई आत आहेत," मी म्हटलं.

हे जिना उतरून आले ते थेट आत गेले. खिडक्या उघडल्याचे आवाज आले. मग काहीच नाही. नणंद "दादा, दादा" करत उंबऱ्यावर उभी. ते बाहेर आले तेव्हा आई त्यांच्या दोन्ही हातांवर होत्या, मान मागे पडलेली. चेहरा झोपेतला वाटावा इतका शांत.

त्यांना शेजाऱ्यांच्या गाडीत घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि विचारलं, "ही जोडवी कधीपासून अशी काळी आहेत?" मग त्यांनी समजावलं की सडक्या अंड्यांच्या वासाचा हा वायू थोडा थोडा श्वासातून आत जात राहिला की नाक त्याला सरावतं, फार झाला तर वास कळायचाच बंद होतो. चांदी काळी करतो तोही तोच. यांनी खुर्चीचा हात धरला.

संध्याकाळी सासूबाईंनी डोळे उघडले. दुसऱ्या दिवशी बोलल्या. यांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मी जागी होते रे. तुझं वरचं पाऊल ऐकू येत होतं. हाक मारायची होती, पण तोंडच उघडेना."

ट्यूबला पंक्चरचा एक जुना जोड होता, तो सुटला होता. यांनी ती गच्चीवर नेली आणि ब्लेडनं उभी चिरली. ड्रमची नळी उघड्या हवेत सोडली, पण ड्रमला काही घालायचं बंद केलं तरी तो थांबला नाही. कित्येक दिवस आतून गुडगुड यायची. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की मी त्याच्याकडे न बघता परत यायची. शेवटी नणंदेच्या घरच्यांनी टेम्पो आणून तो नेला. आतला काळा रगडा केळींना घातला म्हणे.

सासूबाई परत आमच्याकडे राहायला आल्या नाहीत. रुसवा नव्हता, पण त्या खोलीचं नाव काढलं की विषय बदलायच्या. गिरीजला नणंदेच्या पडवीत, वाऱ्यात, त्यांची खाट टाकली आहे. आम्ही दर रविवारी जातो. जेवणं झाली की त्या आडव्या होतात आणि यांना जवळ बसवून घेतात.

"झोप लागली की हलवून बघ हो," म्हणतात.

हे खाटेपाशी स्टूल घेऊन बसतात. वाडीतून वारा येतो, बाकीचे आत पेंगतात. थोड्या थोड्या वेळानं हे त्यांचा खांदा हलवतात. कधी लगेच उत्तर येतं, कधी यांना दुसऱ्यांदा हलवावं लागतं, आणि तेवढ्या वेळात मी आतल्या दाराशी उभी राहून श्वास धरते.

"आहे रे," डोळे न उघडता त्या म्हणतात.