यारीच्या शेपटावरचा अँकर

अँकर हा शब्द माझ्याकडं वेगवेगळ्या वाटांनी आला. आधी शाळेच्या पुस्तकातल्या जहाजाखाली लोंबकळत आला. मग गवंड्यानं भिंतीत ठोकलेला बोल्ट होऊन. शेवटी लग्नात माइक धरून बडबडणारा माणूसही अँकर झाला, आणि आमच्या भागात तो मीच. मी केजच्या स्टँडवर खाकरलो तर परळीच्या वीजकेंद्रातली राख उडते, असं लोक म्हणतात. म्हणजे मी तसं लोकांना सांगून ठेवलंय.

पण या शब्दाचा खरा अर्थ मला मेव्हण्याच्या विहिरीवर कळला, आणि त्या दिवसापासून तो शब्द ऐकला की माझ्या मांडीला घाम येतो.

विहिरीचं खोदकाम यारीवर चाललं होतं. काठावर लोखंडी सांगाडा, पुढच्या टोकाला तारेच्या दोरावर बकेट, आणि मागं शेपटावर दगडांनी भरलेली पोती, बकेटच्या ओझ्यानं यारी विहिरीत जाऊ नये म्हणून. यारीवाला काही वर्षं बंदरावर राबून आलेला; तो त्या पोत्यांना अँकर म्हणायचा.

मेव्हणा बकेटमध्ये उभा राहून वर येत होता. निम्म्यात आला आणि उन्हानं विरलेली दोन पोती फाटली. दगड घरंगळले, यारीचं शेपूट वीतभर उचललं. यारीवाल्यानं ब्रेकवर दोन्ही हात दाबले, आणि माझ्या पोटाकडं पाहिलं.

"दाजी, शेपटावर बसा. पटकन."

बसलो. सांगाडा करकरला, शेपूट खाली टेकलं. यारीवर असलेला एकुलता एक गडी ट्रॅक्टर घेऊन नवी पोती आणायला पळाला.

"इंजिन चालू केलं तर हिसका बसंल," यारीवाला म्हणाला. "तवर तुमी अँकर. जहाज हलू न्हाई म्हणून खाली टाकतेत ना, ते. उठायचं न्हाई, हलायचं न्हाई."

"बोललं तर चालतंय का?"

"ते तुमच्यानं थांबणार हाय का?"

खालून मेव्हण्याचा आवाज आला, पातळ, कुणीतरी मडक्यातून बोलावं तसा. "दाजी, हायेत का वर?"

"हाय की. घट्ट धर."

त्याला मी दिसत नव्हतो. माझा आवाज येतोय म्हणजे शेपटावर वजन आहे, एवढाच त्याचा हिशोब. म्हणून मी बोलत राहिलो. वऱ्हाडी मंडळींचं स्वागत केलं, जेवणाच्या पंगती उठवल्या, नवरीच्या मामाला तीनदा स्टेजवर बोलावलं.

तेवढ्यात सांडलेल्या दगडांतून विंचू निघाला. काळा, नांगी कमरेवर हात ठेवल्यागत वाकवलेली. तो माझ्या चपलेवर चढला, पायजम्यावरून गुडघ्यावर आला आणि मांडीवर थांबला. जन्मल्यापासून पहिल्यांदा मी गप्प झालो.

"दाजी?"

यारीवाल्यानं पाहिलं, पण ब्रेक सोडता येईना.

"दाजी, गेले का सोडून? कावून बोलंना?" आता मेव्हण्याच्या आवाजात रडू होतं. बकेट हलू लागली, तिच्याबरोबर दोर, दोराबरोबर यारी, यारीबरोबर मी, आणि माझ्यावर विंचू. मी विंचू झटकायला हललो आणि यारी कलंडली, तर मेव्हण्याची बहीण, म्हणजे माझी बायको, घरी भाकरी थापत बसलेली, तिला मी काय सांगणार होतो?

ओठ न हलवता मी बोललो. "आता… नवरदेवाच्या मेव्हण्यानं… हलू नये… अशी नम्र विनंती."

बकेट थांबली. विंचू मात्र कार्यक्रम ऐकायला बसून राहिला. पोती येईपर्यंत मी कुजबुजत अख्खं लग्न लावलं, आहेरसुद्धा वाचला. गड्यानं शेपटावर पोती चढवली, मग काठीनं विंचू उडवून ठेचला. इंजिन चालू झालं. मेव्हणा काठावर उतरला, आणि माझे पाय उठेनात म्हणून त्यानंच मला काखेत हात घालून उचललं. कोण कुणाला धरतंय कळत नव्हतं.

मेव्हणा सगळीकडं सांगतो की विंचू करंगळीएवढा होता. मी खेकड्याएवढा सांगतो. त्यानं तो मेल्यावर पाहिला.

विहिरीला पाणी लागलं. पण मेव्हणा खाली उतरायचा असला की अजून आधी मला बोलावतो, यारी केव्हाच गेली तरी. मी काठावर बसून बोलत राहतो, आणि बसायच्या आधी दगड उलटून बघतो.